निळी छपाई, स्टेट हाउस आणि गरुड: एकाच शहराच्या दोन प्लेट, पण वय एकच आहे का?

ओसरी यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. मी गेली काही वर्षे मॅसॅच्युसेट्समध्ये राहते. घरातले वडीलधारे गेल्यावर घरातच मांडून विकल्या जाणाऱ्या जुन्या सामानाच्या विक्रीत मला मागच्या महिन्यात निळ्या छपाईच्या दोन प्लेट मिळाल्या. दोन्हींवर बॉस्टनमधल्या इमारती आहेत आणि विकणाऱ्या गृहस्थांनी दोन्ही ‘१८२० च्या सुमाराच्या, एकाच घराण्यातल्या’ असल्याचे सांगितले. घरी आणून दोन्ही खिडकीपाशी शेजारी ठेवल्या, तेव्हा मात्र या विधानाविषयी शंका येऊ लागली.

पहिली प्लेट साधारण दहा इंचांची आहे. तिचा निळा रंग इतका गडद आहे की काही ठिकाणी काळाच भासतो. मध्यभागी घुमट असलेले स्टेट हाउस, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाची इमारत आहे, पुढच्या मोकळ्या मैदानात चक्क गाई चरत आहेत आणि काठावर दाट फुलापानांची नक्षी आहे. समोरच्या बाजूला इमारतीचे नाव कुठेही लिहिलेले नाही. मागे ओल्या मातीत दाबून उमटवलेली अक्षरे आहेत, ती बोटाला लागतात आणि प्रकाश तिरपा धरला की ‘रॉजर्स’ असे वाचता येते. दुसरी प्लेट आकाराने जवळपास तेवढीच आहे, पण तिची कड बाहेरच्या बाजूला गोल वळवलेली आहे आणि निळा रंग किंचित पसरल्यासारखा, धूसर आहे. तिच्या मध्यभागी फॅन्युएल हॉल हे बॉस्टनचे जुने सभागृह आहे, काठावर सहा छोटी चित्रे आहेत, त्यांत स्टेट हाउस आणि बंकर हिलचा स्मारक-मनोरा ओळखू येतो, आणि प्रत्येकाखाली बारीक अक्षरांत नाव आहे. तिच्या मागे छापील शिक्का असून त्यात ‘रोलंड अँड मार्सेलस’ आणि ‘इंग्लंड’ हे शब्द आहेत.

त्याच गृहस्थांकडे पाणी ओतायचा, मूठ असलेला एक जगही आहे, तो मी अद्याप घेतलेला नाही. पिवळसर पांढरा, काळ्या छपाईचा, एका बाजूला शिडाचे जहाज आणि दुसऱ्या बाजूला छातीवर ढाल असलेला गरुड. गरुडाभोवती सोळा तारे आहेत, म्हणून तो १७९६ ते १८०३ या काळातलाच आहे, असे ते ठामपणे म्हणतात.

माझे प्रश्न असे. या वस्तू खरोखर केव्हाच्या, हे घरच्या घरी कितपत ठरवता येते? इंग्लंडमधल्या कुंभारांनी अमेरिकेची इमारत आणि अमेरिकेचा गरुड का छापावा, तेही दोन्ही देशांत युद्ध होऊन गेल्यानंतर लगेच? आणि पहिल्या प्लेटवर काठाजवळ चहासारखा तपकिरी डाग आहे, तो काढावा की तसाच राहू द्यावा?


निळाई यांचे उत्तर:

ओसरीताई, आपण दोन्ही प्लेट शेजारी ठेवल्या, हे फार चांगले केले, कारण या विषयात एकट्या वस्तूपेक्षा दोन वस्तूंमधला फरक जास्त बोलतो. आपला दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याच्या उत्तरातूनच पहिल्या प्लेटचा काळ समजतो.

१८१२ साली सुरू झालेले युद्ध १८१४ च्या अखेरीस घेंटच्या तहाने मिटले आणि पुढच्या वर्षी अमेरिकेची बंदरे ब्रिटिश मालाला पुन्हा खुली झाली. इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर या कुंभारकामाच्या परगण्यातल्या बर्स्लेम, कोब्रिज, हॅन्ले, लाँगपोर्ट या गावांतल्या भट्ट्यांना मोठे गिऱ्हाईक हवे होते, अमेरिकेत या दर्जाची छापील भांडी मोठ्या प्रमाणावर होत नव्हती, आणि नव्या प्रजासत्ताकातल्या लोकांना आपल्या शहरांचा आणि वीरांचा अभिमान होता. कुंभाराने भावना पाहिली नाही, मागणी पाहिली. याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे बर्स्लेमच्या इनॉक वुड अँड सन्स यांनी काढलेली, अमेरिकेचे आरमारी अधिकारी मॅकडॉनो यांच्या विजयाची प्लेट. हा विजय सप्टेंबर १८१४ मध्ये लेक शँप्लेनवर मिळाला आणि तो ब्रिटिश आरमारावरचाच होता. आपल्याच देशाच्या पराभवाचे चित्र शंखशिंपल्यांच्या सुरेख काठात बसवून ते जेत्यांना विकण्याइतका हा व्यापार रोखठोक होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात तिच्या बाजूने लढलेले फ्रेंच जनरल लाफायेत १६ ऑगस्ट १८२४ रोजी न्यूयॉर्कच्या कॅसल गार्डनला उतरले, तेव्हा कोब्रिजच्या क्ल्यूज बंधूंनी त्या आगमनाचे दृश्य प्लेटवर आणले. आज ते या प्रकारातले सर्वांत ओळखीचे चित्र असावे. जॉन आणि विल्यम रिजवे यांनी ‘ब्यूटीज ऑफ अमेरिका’ या नावाने एक मालिकाच काढली आणि तीत बँका, ग्रंथालये, चर्च, रुग्णालये, अनाथाश्रम अशा सार्वजनिक इमारती घेतल्या. जेवणाच्या ताटावर अनाथाश्रम हा विषय आपल्याला विचित्र वाटतो, पण त्या काळी शहराने बांधलेली अशी संस्था ही मिरवण्याचीच गोष्ट होती.

आता तंत्राविषयी, कारण ओळख पटवण्याच्या बहुतेक खुणा तंत्रातूनच येतात. चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरत. कोबाल्टचा रंग तेलात घोटून गरम पत्र्यावर भरत, वरचा जादा रंग खरवडून काढत आणि पातळ, चिवट कागदावर छाप घेत. तो ओला छाप एकदा भाजलेल्या, पण अजून झिलई न चढवलेल्या भांड्यावर ठेवून ताठ केसांच्या ब्रशने घासत, नंतर कागद पाण्याने धुऊन काढत. मग तेल जाळण्यासाठी एक हलकी भाजणी, त्यावर झिलई आणि शेवटी झिलईची भट्टी. रंग झिलईच्या खाली राहत असल्यामुळे दोनशे वर्षे सुरी-काटे चालवूनही चित्र पुसत नाही. त्या उष्णतेत भरवशाने टिकणारा रंग बराच काळ कोबाल्टचा निळाच होता, म्हणून सुरुवातीच्या या मालाचे नावच निळ्या रंगावरून पडले. गुलाबी, तपकिरी, हिरवे, जांभळे छाप १८२० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे वाढले.

एक गंमत सांगण्याजोगी आहे. पुस्तकातल्या चित्रासाठी तांब्यावर उलटे कोरावे लागते, कारण कागदावर ते सुलटे उमटते. भांड्यासाठी मात्र सुलटेच कोरत, कारण पत्र्यावरून कागदावर आणि कागदावरून भांड्यावर असे ते दोनदा उलटते.

आपल्या पहिल्या प्लेटवरचा अतिगडद निळा रंग, दाबून उमटवलेले ‘रॉजर्स’ आणि गाईंसह स्टेट हाउस या तिन्ही गोष्टी लाँगपोर्टच्या जॉन रॉजर्स अँड सन या भट्टीशी जुळतात. ही पेढी या नावाने १८१५ च्या सुमारास सुरू झाली आणि १८४० च्या दशकाच्या आरंभापर्यंत चालली. गडद निळ्याची आवड १८२० च्या दशकात सर्वाधिक होती. तरीही कृपया तीन गोष्टी तपासून सांगा. मागे किंवा बुडाच्या कडेशी, भट्टीत भांडे ज्यावर टेकवत त्या तिपाईचे तीन छोटे खरखरीत ठसे आहेत का? काठाची नक्षी कुठे अर्धवट कापून जोडल्यासारखी दिसते का? आणि समोरच्या भागावर, विशेषतः मध्यभागी, सुरीचे बारीक ओरखडे आहेत का?


पानवेल यांचे उत्तर:

निळाई यांच्या उत्तराला जोड म्हणून लिहिते. शहरांची चित्रे असलेल्या भांड्यांचा एक मोठा फायदा असा की चित्रातली इमारतच साक्ष देते. मात्र ही साक्ष एकाच दिशेने चालते. इमारत बांधली गेली त्या वर्षाच्या आधीची प्लेट असू शकत नाही, पण इमारत पडल्यानंतरही जुन्या चित्रावरून प्लेट छापता येते.

आपल्या दुसऱ्या प्लेटचा निकाल या एकाच नियमाने लागतो. बंकर हिलच्या मनोऱ्याची कोनशिला १७ जून १८२५ रोजी बसवली गेली, त्या समारंभाला लाफायेत स्वतः हजर होते. पण पैसे संपत गेले, काम रखडले आणि मनोरा पूर्ण व्हायला १८४२ साल उजाडले. पुढच्या वर्षी त्याचे लोकार्पण झाले. म्हणजे पूर्ण मनोरा दाखवणारी प्लेट ‘१८२० च्या सुमाराची’ असण्याचा प्रश्नच येत नाही. त्यातच मागच्या शिक्क्यात ‘इंग्लंड’ आहे. अमेरिकेने १८९० साली जो जकात कायदा केला, त्यानुसार १८९१ पासून आयात मालावर मूळ देशाचे नाव घालणे सक्तीचे झाले, त्यामुळे अमेरिकेत आलेल्या मालावर असे देशाचे नाव दिसले की साधारणपणे त्या वर्षाच्या पुढचा विचार करावा. ‘मेड इन इंग्लंड’ असे पूर्ण शब्द असतील तर बहुधा विसावे शतक. रोलंड अँड मार्सेलस हे कुंभार नव्हते, ते न्यूयॉर्कचे आयातदार होते. बाहेर वळवलेली कड, मध्यभागी एक चित्र आणि काठावर छोटी चित्रे अशा स्मरणिका-प्लेट त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे कित्येक शहरांसाठी मागवल्या.

यात कमीपणा मानू नये. १८७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याची शंभरी झाली, त्यानंतर जुन्या वास्तूंविषयी जिव्हाळा वाढला, आगगाडीने सहली वाढल्या आणि जुन्या स्टॅफर्डशायर निळ्या प्लेटचा संग्रह करणारा एक वर्गच तयार झाला. ज्यांना जुनी प्लेट परवडत नव्हती किंवा मिळत नव्हती, त्यांच्यासाठी त्याच निळ्या रंगात नवी आली. बॉस्टनच्या जोन्स, मॅकडफी अँड स्ट्रॅटन या दुकानदारांनी तर वेजवुड या इंग्लिश भट्टीकडून ऐतिहासिक दृश्यांच्या शेकडो निळ्या प्लेट करवून घेतल्या. आपल्याकडे असलेल्या दोन प्लेटपैकी एक नव्या राष्ट्राचा माल आहे आणि दुसरी त्या राष्ट्राला स्वतःचा भूतकाळ आठवू लागल्यानंतरचा. मला व्यक्तिशः ही जोडी एकाच काळच्या दोन प्लेटपेक्षा अधिक रंजक वाटते.

पहिल्या प्लेटवरच्या गाई ही चित्रकाराची हौस नव्हे, एवढेच जाता जाता सांगते. स्टेट हाउस समोरच्या बॉस्टन कॉमन या सार्वजनिक मैदानावर खरोखरच गुरे चरत असत आणि ही चराई १८३० मध्ये बंद करण्यात आली. इमारतीच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या संगमरवरी पाखा, म्हणजे जोडून बांधलेले भाग, दिसतात का, तेही पाहा. त्या १९१७ च्या आहेत, त्यामुळे चित्रात त्या असतील तर प्लेट आधुनिक, नसतील तर निदान चित्र जुने. इमारतीच्या डाव्या हाताला जॉन हॅनकॉक यांचे घर होते, ते १८६३ मध्ये पाडले गेले. काही छापांमध्ये ते स्वतंत्र विषय म्हणूनही आले आहे.

काठाविषयीही दोन शब्द. नावाचा शिक्का नसतो तेव्हा कुंभार काठावरून ओळखतात, कारण मधले दृश्य अनेकांनी वापरले, काठ मात्र प्रत्येकाने सहसा आपला राखला. वुड यांचे शंखशिंपले, रिजवे यांची गोलाकार पदकांत बसवलेली फुले, आणि आपल्याला गरुडाची आवड दिसते म्हणून सांगते, जोसेफ स्टब्स यांच्या काठात फुलांच्या वेलबुट्टीमध्ये पंख पसरलेले गरुड आहेत. स्टब्स यांनीही बॉस्टनचे स्टेट हाउस छापले आहे, तेव्हा पुढच्या विक्रीत नजर उघडी ठेवा.


जुनेपाने यांचे उत्तर:

वरील माहिती उत्तम आहे, पण दोन सोप्या कसोट्या राहिल्या असे वाटते. पहिली, स्टेट हाउसचा घुमट सोनेरी आहे. प्लेटवर तो उजळ, पांढरट दिसत असेल तर सोन्याचा मुलामा दिल्यानंतरची, म्हणजे १८७४ नंतरची प्लेट. दुसरी, ताऱ्यांची संख्या. टेनेसी १७९६ मध्ये सोळावे राज्य झाले आणि ओहायो १८०३ मध्ये सतरावे, त्यामुळे सोळा ताऱ्यांचा जग त्या सात वर्षांतलाच. विकणाऱ्यांचे म्हणणे मला बरोबर वाटते.


पानवेल यांचे उत्तर:

जुनेपाने, आपल्या दोन्ही सनावळ्या बरोबर आहेत, निष्कर्षाशी मात्र मी सहमत नाही.

घुमटाचे असे की या छपाईत रंग एकच असतो. उजळ भाग म्हणजे कोरणाऱ्याने रेषा विरळ ठेवलेली जागा, तिथे खालची पांढरी माती दिसते. घुमट आधी लाकडी होता, १८०२ मध्ये पॉल रिव्हिअर यांच्या कारखान्याच्या तांब्याने मढवला गेला आणि सोने फार नंतर आले, हे खरे. पण तांबे, सोने आणि उन्हात चमकणारे लाकूड या तिन्हींसाठी कोरणाऱ्याकडे तेच एक साधन होते. घुमटाला गोलाई यावी म्हणून एक बाजू उजळ ठेवणे हा चित्रकलेचा साधा नियम आहे, इतिहासाची नोंद नव्हे.

ताऱ्यांचा मोह अधिक मोठा आहे आणि बाजारात त्याचा उपयोगही भरपूर केला जातो. क्ल्यूज बंधूंच्या एका प्रसिद्ध नक्षीत वॉशिंग्टन यांची तसबीर आहे आणि काठावरच्या फितीत राज्यांची नावे आहेत. ती नावे मोजली तर पंधरा भरतात. ही भट्टी १८१० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली, तेव्हा अमेरिकेत वीस-एकवीस राज्ये झाली होती आणि १८२१ मध्ये मिसूरी धरून ती चोवीस झाली. म्हणजे छापणाऱ्याने जुनी यादी घेतली, किंवा काठात जेवढी बसली तेवढी घेतली. खुद्द अमेरिकेच्या ध्वजावर १७९५ ते १८१८ या काळात कायद्याने पंधराच तारे होते, मग राज्ये कितीही असोत. समुद्रापलीकडे बसलेल्या कोरणाऱ्याकडून याहून काटेकोर हिशेबाची अपेक्षा कशी ठेवणार? सोळा तारे असतील तर कोरणाऱ्यासमोरचा नमुना १७९६ पूर्वीचा नसण्याची शक्यता अधिक, एवढेच म्हणता येते. आणि एकदा कोरलेला पत्रा झिजेपर्यंत वापरला जाई.


निळाई यांचे उत्तर:

जगाविषयी मीही थोडे सांगतो, कारण ओसरीताईंना निर्णय घ्यायचा आहे. अशा जगांना ‘लिव्हरपूलचे जग’ म्हणण्याची प्रथा आहे, मात्र त्यांतले बरेच स्टॅफर्डशायरमध्येही झाले. छपाईच्या बाबतीत लिव्हरपूलचा मान मोठा आहे. जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन यांनी २७ जुलै १७५६ रोजी सहा तासांत बाराशेहून अधिक फरश्या छापल्याचे शपथपत्र केले होते. पुढे १७९६ मध्ये तिथे हर्क्युलेनियम पॉटरी सुरू झाली आणि अमेरिकेच्या खलाशांसाठी, जहाजांच्या कप्तानांसाठी असे जग मोठ्या संख्येने गेले. डिसेंबर १७९९ मध्ये वॉशिंग्टन यांचे निधन झाल्यावर त्यांच्या समाधीची आणि शोकमग्न आकृतींची चित्रे असलेले जगही आले.

आपल्या निळ्या प्लेटपेक्षा यात एक महत्त्वाचा फरक आहे. काळा छाप सहसा झिलईच्या वर असतो. नख हलकेच फिरवले तर रेषेची किंचित जाडी जाणवते आणि तिरप्या प्रकाशात चित्र मॅट, झिलई चकचकीत असे वेगवेगळे दिसते. जिथे हात लागतो, म्हणजे मुठीजवळ आणि पोटाच्या सर्वांत फुगीर भागावर, तिथे जुन्या जगाचे चित्र झिजलेले असते. मुठीखालच्या कोपऱ्यात मात्र ते ताजे राहते. सगळीकडे सारखेच फिकट असेल तर झीज वापराने आलेली नाही, आणली गेली आहे, असा संशय घ्यावा. भिंग घेऊन काळ्या रेषा पाहा. कोरीव छापात सलग रेषा आणि सुईने टोचलेले कमीजास्त आकाराचे ठिपके असतात. एकसारख्या अंतराच्या ठिपक्यांची जाळी दिसली, तर ते छायाचित्राच्या तंत्राने केलेले आधुनिक चित्र आहे. या जगांच्या नकला पुष्कळ झाल्या आहेत, त्यामुळे हातात घेऊन पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

गरुड ढाल, बाण आणि ऑलिव्हची फांदी घेऊन असेल तर तो अमेरिकेने १७८२ मध्ये स्वीकारलेल्या राजमुद्रेवरून घेतलेला आहे. कोरणाऱ्यांनी तोही आपापल्या मर्जीने काढला. काही गरुड तर टर्कीचे चुलतभाऊ शोभतील असे आहेत, आणि मला तेच अधिक आवडतात.


ओसरी यांचे उत्तर:

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री पहिली प्लेट दिव्याखाली धरून तासभर पाहिली. मागे कडेशी तीन ठसे आहेत, वाळूचा कण अडकल्यासारखे बोटाला टोचतात, आणि इतके दिवस मी ते टवके समजत होते. काठाचा सांधाही सापडला. घड्याळात चार वाजतात त्या जागी एका मोठ्या फुलाच्या अर्ध्याच पाकळ्या आहेत आणि उरलेल्या अर्ध्या जागेत भलत्याच वेलीचे पान येऊन चिकटले आहे. ते ज्या कोणी चिकटवले, त्या व्यक्तीची कागदाची पट्टी दोन-तीन मिलिमीटर जास्त झाली असावी आणि तिने ती सरळ कातरून टाकली असावी. एवढे पाहिल्यावर प्लेटपेक्षा त्या हाताचेच कुतूहल वाटू लागले.

मध्यभागी सुरीचे ओरखडे आहेत, सर्व दिशांनी गेलेले, आणि ते नेमके गाईंच्या अंगावरून गेले आहेत. दुसऱ्या प्लेटवर असा एकही ओरखडा नाही, उलट तिच्या मागे भिंतीवर टांगण्याच्या तारेचे काळपट व्रण आहेत. पहिल्या प्लेटमध्ये स्टेट हाउसला पाखा नाहीत. बुडाच्या कड्याच्या खाचेत झिलई साचली आहे, तिथे ती हलकी निळसर दिसते. हे रंगाचे ओघळ आहेत की झिलईच निळसर आहे?

तपकिरी डागाबद्दल कुणी सांगू शकेल का? विकणाऱ्या गृहस्थांनी कपड्यांना वापरतात त्या ब्लीचमध्ये रात्रभर ठेवायला सांगितले आहे.


निळाई यांचे उत्तर:

झिलईच निळसर आहे. मातीचा पिवळेपणा झाकून ती पांढरी दिसावी म्हणून झिलईत चिमूटभर कोबाल्ट घालत, कपड्याला नीळ देतात तसेच. झिलई पातळ असते तिथे हे कळत नाही, खाचेत साचली की दिसते. आपण सांगितलेल्या सर्व खुणा एकत्र धरल्या तर रॉजर्स यांच्याच काळातली प्लेट मानायला मला अडचण वाटत नाही. सांध्याविषयी एक सावधगिरी ठेवा. हाताने कागद चिकटवण्याची पद्धत काही भट्ट्यांनी पुढेही दीर्घकाळ चालू ठेवली, त्यामुळे सांधा हा हातछपाईचा पुरावा आहे, एकट्याने वयाचा नाही. ओरखड्यांचे तसेच. ते सर्व दिशांना आहेत हे चांगले. कागदाने घासून प्लेट जुनी केली असती तर ते एकाच दिशेने, समांतर गेले असते.


संथपाणी यांचे उत्तर:

मी भांड्यांच्या दुरुस्तीचे आणि जतनाचे काम करतो, म्हणून फक्त डागापुरते लिहितो. ब्लीच कृपया वापरू नका.

ही पोर्सिलेन नाही, कमी उष्णतेवर भाजलेली सच्छिद्र माती आहे. झिलईला केसासारखे बारीक तडे गेले, की त्यांतून स्निग्ध पदार्थ, चहा, साबणाचे पाणी आत झिरपते आणि झिलईच्या खाली मातीत मुरते. आपला डाग पृष्ठभागावर नाही, आत आहे. क्लोरीनचे ब्लीच त्याच तड्यांतून आत जाते, डाग तात्पुरता उडवते, पण त्याचे क्षार मातीतच राहतात. प्लेट वाळताना ते क्षार स्फटिक होऊन फुगतात आणि झिलईचे पापुद्रे उचलतात. हे दुसऱ्या दिवशी दिसत नाही, काही महिन्यांनी काठावरून खपल्या पडू लागतात, तेव्हा कळते. अशा प्लेट माझ्याकडे येतात, त्यांवर नंतर फारसे काही करता येत नाही. जतनाच्या कामात हायड्रोजन पेरॉक्साइड वापरले जाते, पण तेही माती किती सच्छिद्र आहे, आत लोखंडाचा अंश आहे का, जुनी जोडणी आहे का, हे पाहून. घरी तो प्रयोग करू नये.

आपण एवढेच करावे. आधी प्लेट बोटांच्या टोकांवर तोलून नखाने हलकेच टिचकी मारा. स्वच्छ नाद आला तर ती अखंड आहे, बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे. अंधारात अतिनील टॉर्च टाकून पाहा. जुन्या दुरुस्तीचा रंग आणि डिंक मूळ झिलईपेक्षा वेगळा चमकतो. दुरुस्ती नसेल तर कोमट पाण्यात अगदी सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून, सिंकमध्ये टॉवेल अंथरून, मऊ कापडाने पुसा. पाण्यात भिजत ठेवू नका. भांडी धुण्याच्या यंत्रात तर मुळीच नको. नंतर दोन-तीन दिवस हवेशीर जागी वाळू द्या. डाग थोडा फिका होईल, जाणार नाही.

या झिलईत शिसे असते. तिच्यावर खाण्याचे पदार्थ, विशेषतः लिंबू, चिंच, टोमॅटो, व्हिनेगर यांसारखे आंबट पदार्थ ठेवू नयेत. स्मरणिकेच्या प्लेटलाही हेच लागू धरावे.

दुसऱ्या प्लेटवरच्या तारेच्या व्रणांचा आपण उल्लेख केला आहे. स्प्रिंगची टांगणी कडेला सतत दाबत राहते आणि असलेली चीर वाढवते. भिंतीवर लावायचीच असेल, तर प्लास्टिकचे आवरण असलेली आणि प्लेटपेक्षा किंचित मोठी टांगणी घ्या, म्हणजे ती नुसती धरेल, आवळणार नाही. शेकोटीच्या वरची जागा टाळा. एकावर एक ठेवायच्या असतील, तर मध्ये मऊ कापडाचा गोल तुकडा घाला, कारण वरच्या प्लेटचे खरखरीत बूड खालच्या चित्रावर ओरखडे काढते.


ओसरी यांचे उत्तर:

ब्लीच रद्द केले. टिचकी मारून पाहिली. पहिल्या प्लेटचा नाद स्वच्छ आला, दुसरीचा बद्द, आणि मग शोधल्यावर फॅन्युएल हॉलच्या छपरापासून कडेपर्यंत गेलेली एक चीर दिसली. ती नेमकी तारेच्या व्रणापाशी संपते.

जग पाहायला शनिवारी भिंग घेऊन जाणार आहे. तारे मोजणार नाही, मूठ पाहीन.